प्रकल्पाधारित अध्ययन आणि सनदी शाळा : सॅन डिएगोच्या ‘हाय टेक हाय’चा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

‘प्रकल्प’ हा शब्द आपल्याकडील शिक्षणव्यवहारात इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ जवळजवळ झिजून गेला आहे. अध्यापक विद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रकल्प पद्धती’वर एक प्रकरण असते, त्यात किलपॅट्रिकची व्याख्या असते, पायऱ्या असतात, गुण-दोष असतात आणि परीक्षेत त्यावर टीपही येते. दुसरीकडे पदवी वर्गातील पर्यावरणशास्त्राच्या अनिवार्य प्रकल्पाची तयार वही महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळते, हेही प्राध्यापकवर्गाला नवीन नाही. एका शैक्षणिक कल्पनेची ही अवस्था का व्हावी, हा प्रश्न केवळ आपल्यापुरता मर्यादित नाही. ज्या देशात ही कल्पना नावारूपाला आली त्या अमेरिकेतही तिच्या वाट्याला असेच चढउतार आले आणि ते तेथील वंश, वर्ग व श्रम यांच्या इतिहासाशी घट्ट बांधलेले आहेत.

प्रस्तुत लेखात कॅलिफोर्निया राज्यातील सॅन डिएगो शहरात २००० साली सुरू झालेल्या ‘हाय टेक हाय’ या सनदी माध्यमिक शाळेचा विचार केला आहे. चार्टर म्हणजे सनद. शासनाच्या पैशावर चालणारी, विद्यार्थ्यांकडून शुल्क न घेणारी, मात्र सनदेतील अटींच्या बदल्यात नेहमीच्या नियमांपैकी बऱ्याच नियमांतून मोकळीक मिळालेली शाळा ती सनदी शाळा. या शाळेने दोन गोष्टी एकत्र साधण्याचा प्रयत्न केला. सर्व अध्ययन प्रकल्पांभोवती रचणे ही एक आणि शहरातील सर्व थरांतील मुले एकाच वर्गात बसवणे ही दुसरी. या दोहोंचा संबंध वरवर पाहता योगायोगाचा वाटतो. इतिहास तपासला असता तो योगायोग नाही असे दिसून येते.

प्रकल्पाची पूर्वपीठिका

प्रकल्प पद्धतीचा उगम सामान्यतः विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांच्या १९१८ सालच्या निबंधात मानला जातो. शिक्षणाच्या इतिहासकारांनी हा उगम बराच मागे नेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममधील कला अकादमीत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी ज्या स्पर्धा होत, त्यांतील आराखड्यांना ‘प्रोजेत्ती’ म्हणत. इमारत प्रत्यक्षात बांधायची नसे, पण बांधायची आहे असे समजून आराखडा करावा लागे. पॅरिसमध्ये १६७१ साली स्थापन झालेल्या वास्तुकला अकादमीने ही प्रथा पुढे नेली आणि तेथून ती अभियांत्रिकीच्या शिक्षणात व अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी १८७९ साली हस्तकौशल्याची माध्यमिक शाळा स्थापन केली. नुसता आराखडा पुरेसा नाही, तो विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लाकडात किंवा लोखंडात उतरवला पाहिजे, असा तिचा दंडक होता. वुडवर्ड यांना त्यातून सुतार अथवा लोहार निर्माण करावयाचे नव्हते. हाताचे शिक्षण हे प्रत्येक मुलाच्या सर्वसाधारण शिक्षणाचा भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती.

या भूमिकेला पुढील चाळीस वर्षांत फाटा फुटला. शिकागोत १८९६ साली जॉन ड्यूई यांनी प्रयोगशाळा-शाळा काढली. तेथील मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करीत आणि त्यातून इतिहास, रसायनशास्त्र व गणित यांकडे नेली जात. मात्र त्याच काळात उद्योगधंद्यांना शिस्तबद्ध कामगार हवे होते आणि शहरांत स्थलांतरितांची मुले लोटत होती. मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्नेडन हे मुलांना त्यांच्या ‘संभाव्य भवितव्या’नुसार लवकर वेगळे करून धंदेशिक्षण द्यावे, या मताचे होते. १९१५ साली ‘न्यू रिपब्लिक’ या नियतकालिकातून ड्यूई आणि स्नेडन यांचा वाद झाला. ड्यूई यांचा आक्षेप मूलगामी होता. असे विभाजन केल्यास विद्यमान औद्योगिक व्यवस्थेतील उतरंडच शाळेत कायम होईल, असे त्यांचे म्हणणे होते. कायद्याच्या पातळीवर विजय मात्र स्नेडन यांच्या पक्षाचा झाला. फेब्रुवारी १९१७ मध्ये मंजूर झालेल्या स्मिथ-ह्यूज कायद्याने धंदेशिक्षणासाठी संघराज्याचा निधी दिला आणि त्याबरोबर त्याची वेगळी मंडळे, वेगळे शिक्षक व वेगळे विद्यार्थी अशी रचना देशभर रूढ केली.

किलपॅट्रिक यांचा निबंध या कायद्यानंतर दीडच वर्षाने आला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा नोंदलेली नसते. ‘प्रकल्प’ हा शब्द त्या वेळी मुख्यतः कृषिशिक्षणात प्रचलित होता. मॅसॅच्युसेट्समध्ये शेतकी शाळेतील मुलगा घरच्या शेतावर एखादे पीक काढी किंवा कोंबड्या पाळी आणि त्याचा हिशेब ठेवी, त्याला ‘गृहप्रकल्प’ म्हणत. किलपॅट्रिक यांनी हा शब्द उचलला आणि त्यातील शेत, लाकूड, लोखंड सर्व काढून टाकले. मनापासून केलेली कोणतीही सहेतुक कृती म्हणजे प्रकल्प, अशी त्यांनी व्याख्या केली. नाटक बसवणे हा प्रकल्प, सूर्यास्ताचा आस्वाद घेणे हाही प्रकल्प. ‘टीचर्स कॉलेज रेकॉर्ड’मधील या निबंधाच्या सुमारे ६०,००० प्रती खपल्या. एवढी लोकप्रियता कल्पनेच्या नेमकेपणाला मानवत नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरणार नाही. बॉइड बोड यांनी १९२७ साली या व्याख्येच्या सैलपणावर नेमके बोट ठेवले आणि खुद्द ड्यूई यांनी १९३८ साली, केवळ बालकाच्या आवडीवर विसंबणारे शिक्षण दिशाहीन होते, असा इशारा दिला.

येथे एक स्थानिक संदर्भ अस्थानी ठरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई यांच्या वर्गांना बसत होते. किलपॅट्रिक त्याच विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेजात अध्यापन करीत होते. शिक्षणाने समाजातील श्रेणी मोडायच्या की पक्क्या करायच्या, हा वाद तेव्हा त्या परिसरात ऐन भरात होता.

हाताचे शिक्षण कोणाला?

अमेरिकेत या प्रश्नाला वंशाची धार होती. गृहयुद्धानंतर १८६८ साली हॅम्प्टन येथे आणि १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नेतृत्वाखाली टस्कगी येथे कृष्णवर्णीयांसाठी ज्या संस्था निघाल्या त्यांत शेती, विटा पाडणे, बांधकाम, शिवणकाम यांना केंद्रस्थान होते. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने इमारती उभारल्या. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने पाहता हे प्रकल्पाधारित अध्ययनाचे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल. परंतु डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली त्याविरुद्ध जो आवाज उठवला त्याचा रोख अध्यापनशास्त्राकडे नव्हता. कृष्णवर्णीयांना फक्त हाताचे शिक्षण द्यायचे आणि उच्च विद्या गोऱ्यांसाठी राखायची, या तडजोडीला त्यांचा विरोध होता. हाच प्रसंग पुढे कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या मुलांबाबत घडला. सॅन डिएगोजवळच्या लेमन ग्रोव्ह येथे १९३१ साली शाळेने मेक्सिकन मुलांना वेगळ्या इमारतीत धाडले तेव्हा पालकांनी बहिष्कार घातला, न्यायालयात दावा लावला आणि तो जिंकला.

वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि डॉ. झाकीर हुसेन समितीच्या अहवालातून पुढे आलेल्या मूलोद्योग शिक्षणाचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्रातील वाचकाला माहीत आहे. सूतकताई, शेती, सुतारकाम यांतून सर्व विषय शिकवावेत ही कल्पना सर्व मुलांसाठी होती. प्रत्यक्षात सुस्थित घरांनी आपली मुले पुस्तकी शाळांतच ठेवली, मूलोद्योग शाळा खेड्यातील गरिबांची शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली आणि कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) अहवालानंतर तिची जागा आठवड्याच्या काही तासिकांच्या ‘कार्यानुभवा’ने घेतली. टस्कगी आणि वर्धा यांची तुलना फार ताणू नये, कारण दोन्हींमागील प्रेरणा भिन्न होत्या. पण हाताने शिकण्याची पद्धत जेव्हा समाजाच्या एकाच थरासाठी राखली जाते तेव्हा ती पद्धत राहत नाही, शिक्का होते, एवढे साम्य नजरेआड करता येत नाही.

सुतारशाळेतून सुरुवात

हाय टेक हायची मुळे सॅन डिएगोपासून दूर, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे सापडतात. तेथे १८८८ साली फ्रेडरिक रिंज या धनिकाच्या देणगीतून मुलांसाठी हस्तकौशल्याची शाळा निघाली होती. ती वुडवर्ड यांच्या परंपरेतली होती. पुढे १९७७ साली गावातील पुस्तकी माध्यमिक शाळेशी तिचे विलीनीकरण झाले, तरी धंदेशिक्षणाचा विभाग एका छपराखाली वेगळाच राहिला. लॅरी रोझेनस्टॉक यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते, परंतु बोस्टन व केंब्रिज येथील शाळांत ते अकरा वर्षे सुतारकाम शिकवीत होते. आपल्या वर्गात येणारी मुले बहुतांशी गरीब, कृष्णवर्णीय किंवा स्थलांतरितांची आहेत, ती हुशार आहेत आणि तरीही त्यांना महाविद्यालयाकडे जाणारे विषय मिळत नाहीत, हा त्यांचा अनुभव पुढील सर्व वाटचालीच्या मुळाशी आहे.

रोझेनस्टॉक या धंदेशिक्षण विभागाचे प्रमुख असताना तेथे ‘सिटीवर्क्स’ हा अभ्यासक्रम आकाराला आला. नववीच्या मुलांनी केंब्रिज शहर हाच विषय घ्यायचा, वस्त्यांचे नकाशे व प्रतिकृती करायच्या, रहिवाशांच्या मुलाखती घ्यायच्या आणि शेवटी हे सर्व नागरिकांपुढे मांडायचे, असे त्याचे स्वरूप होते. इतिहास, गणित, सुतारकाम आणि लेखन यांच्या भिंती त्यात आपोआप पडत. फोर्ड प्रतिष्ठानाच्या शासकीय नवोपक्रमांसाठीच्या पुरस्काराने १९९२ साली त्याचा गौरव झाला. १९९६–९७ मध्ये संघराज्याच्या शिक्षण विभागाने रोझेनस्टॉक यांच्याकडे ‘न्यू अर्बन हायस्कूल’ प्रकल्पाचे संचालन सोपवले. देशभरातील शहरी माध्यमिक शाळांत जे यशस्वी होत होते त्याचे निरीक्षण करून काही सूत्रे काढायची, हा त्याचा उद्देश होता. विद्यार्थ्याला व्यक्ती म्हणून ओळखणे, प्रौढांच्या खऱ्या जगाशी जोड आणि सर्वांसाठी एकच बौद्धिक ध्येय ही तीन सूत्रे त्यातून पुढे आली. यातील तिसरे सूत्र सर्वांत अवघड आणि सर्वांत राजकीय आहे. धंदेशिक्षण आणि महाविद्यालयीन शिक्षण असे दोन रूळ ठेवायचे नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. १९१७ सालच्या कायद्याला दिलेले ते ऐंशी वर्षांनंतरचे उत्तर होते.

सनद आणि शहर

या सूत्रांना घर मिळाले ते सनदी शाळांच्या कायद्यामुळे. मॅसॅच्युसेट्समधील प्राध्यापक रे बुडी यांनी मांडलेल्या मूळ कल्पनेला शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी मार्च १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील भाषणात उचलून धरले. शिक्षकांच्या गटांना शाळेत नवे प्रयोग करण्यासाठी ठरावीक मुदतीची सनद मिळावी, एवढीच शँकर यांची अपेक्षा होती. मिनेसोटाने १९९१ साली पहिला कायदा केला आणि १९९२ साली कॅलिफोर्निया दुसरे राज्य ठरले. शाळा चालवणाऱ्या मंडळांत खाजगी भांडवल व व्यवस्थापन शिरू लागताच शँकर यांचा भ्रमनिरास झाला आणि १९९७ साली मृत्यू होण्यापूर्वीच ते या चळवळीचे टीकाकार बनले होते.

सॅन डिएगोतील पार्श्वभूमी अशी : १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात शहरातील दूरसंचार व जैवतंत्रज्ञान उद्योगांना कुशल माणसे मिळेनाशी झाली होती. उद्योजक व नागरी पुढारी यांच्या बैठकांतून एका शाळेची कल्पना निघाली. क्वालकॉम कंपनीशी संबंधित जेकब्स कुटुंबातील गॅरी जेकब्स यांनी आर्थिक बळ दिले आणि रोझेनस्टॉक संस्थापक प्राचार्य झाले. नौदलाचे १९२३ पासूनचे प्रशिक्षण केंद्र १९९७ साली बंद पडले होते. त्याच्या एका रिकाम्या इमारतीत सप्टेंबर २००० मध्ये सुमारे २०० मुलांची शाळा भरली. उद्योगांना हवे होते अभियंते आणि प्राचार्यांना हवी होती उतरंड मोडलेली शाळा. दोन्ही हेतू एका नावाखाली नांदले, पण शाळेच्या नावातला ‘टेक’ हा शब्द कित्येकांची दिशाभूल करतो. तेथे संगणकापेक्षा करवतीचा आवाज जास्त असे, असे म्हटले तरी चालेल.

सोडतीचे राजकारण

सॅन डिएगो शहराला पूर्व-पश्चिम छेदणाऱ्या आठ क्रमांकाच्या महामार्गाच्या दक्षिणेला कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाच्या वस्त्या आणि उत्तरेला बहुतांशी गोऱ्यांच्या, अशी विसाव्या शतकातील घडण होती. १९६७ साली दाखल झालेल्या कार्लिन खटल्यात १९७७ साली न्यायालयाने शहरातील २३ शाळा वांशिकदृष्ट्या विलग झाल्या असल्याचा निर्णय दिला. ऐच्छिक बदली व विशेष शाळा हे त्यावरचे उपाय अंशतःच लागू पडले. पुढे नोव्हेंबर १९९६ मध्ये राज्याच्या मतदारांनी प्रस्ताव क्रमांक २०९ संमत केला आणि सार्वजनिक शिक्षणात वंशाच्या आधारे प्राधान्य देण्यास मनाई झाली. दुसरीकडे सनदी शाळांच्या कायद्यानुसार प्रत्येक सनदेत, जिल्ह्याच्या लोकसंख्येचे वांशिक प्रतिबिंब शाळेत कसे साधणार, हे सांगणे आवश्यक होते. म्हणजे परिणाम हवा, परंतु साधनास बंदी, असा पेच निर्माण झाला.

हाय टेक हायने त्यातून काढलेली वाट साधी होती. प्रवेशासाठी परीक्षा नाही, मुलाखत नाही. अर्ज संगणकाच्या सोडतीत टाकायचे आणि सोडत टपालाच्या पिनकोडनुसार तोलायची, म्हणजे परगण्याच्या सर्व भागांतून मुले येतील. वस्त्याच विलग असल्यामुळे भूगोल हाच वंश व वर्ग यांचा प्रतिनिधी ठरला. ज्या विभाजनाने शाळा विलग केल्या त्याच विभाजनाचा नकाशा त्या एकत्र आणण्यासाठी वापरण्यात आला, ही या सोडतीतील खरी चतुराई होय. पुढे अल्प उत्पन्न गटातील अर्जांनाही अधिक वजन देण्यात आले.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सोडतीत भाग घेण्यासाठी सोडत आहे हे माहीत असावे लागते. अर्ज भरणारा पालक हा न भरणाऱ्या पालकाहून आधीच वेगळा असतो. शिवाय कॅलिफोर्नियात सनदी शाळांवर विद्यार्थ्यांची ने-आण करण्याचे बंधन नव्हते, त्यामुळे दक्षिणेकडील वस्तीतून पॉइंट लोमापर्यंतचा प्रवास कुटुंबालाच सोसावा लागे. तरीही देशाच्या चित्राशी तुलना केली असता या प्रयत्नाचे वेगळेपण लक्षात येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील नागरी हक्क प्रकल्पाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सनदी शाळांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ७० टक्के विद्यार्थी अशा शाळांत होते जेथे ९० टक्क्यांहून अधिक मुले अल्पसंख्याक गटांतील होती. सनद ही अनेक ठिकाणी नव्या विलगीकरणाचे साधन झाली होती.

प्रकल्प कसा घडतो

या शाळेतील घंटा, तासिका व वेगवेगळ्या विषयांचे वेगवेगळे शिक्षक ही नेहमीची चौकट मोडण्यात आली. सुमारे पन्नास विद्यार्थ्यांची जबाबदारी दोन किंवा तीन शिक्षकांकडे असे. उदाहरणार्थ, एक जीवशास्त्राचा आणि एक मानव्यविद्यांचा. अभ्यासक्रम ठरवण्याचे काम त्यांचेच, म्हणून ‘शिक्षक हाच रचनाकार’ हे चौथे सूत्र पुढे जोडले गेले. वर्गांच्या भिंती काचेच्या आणि मुलांचे काम सर्वत्र टांगलेले असे. सर्व मुलांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशासाठी लागणारे विषय सारखेच असत. ‘हुशारांचा’ वेगळा वर्ग नव्हता.

शाळेजवळच सॅन डिएगो उपसागराची एक खाडी आहे. नौदलाच्या काळापासूनच्या या खाडीकाठी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कोणते जीव राहतात, याची विद्यार्थ्यांनी पद्धतशीर गणना केली. त्याला लागणारे नमुना-मापन व संख्याशास्त्र गणिताचे, जीवांची ओळख जीवशास्त्राची, खाडीचा नौदल व मासेमारी यांनी घडवलेला इतिहास मानव्यविद्यांचा. छायाचित्रे मुलांचीच. यातून २००४ साली एक क्षेत्रमार्गदर्शिका पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर संपूर्ण उपसागरावरील आणखी पुस्तके आली. पैकी एकीला प्राणिशास्त्रज्ञ जेन गुडॉल यांची प्रस्तावना लाभली. आफ्रिकेतील वन्यप्राण्यांच्या अवैध मांसाची ओळख पटवण्यासाठी डीएनए तपासणीची सोपी रीत बसवणे, हा याच धारेतील पुढचा प्रकल्प. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पुस्तक छापायचे असल्यामुळे चूक चालत नव्हती. एका खेकड्याचे नाव चुकले तर गुण कमी होण्याचा प्रश्न नव्हता, वाचकाची फसवणूक होण्याचा होता. मसुदे परत परत लिहिले जात आणि त्यांवर सहाध्यायी टीका करीत. विकतच्या वहीत जे नसते ते नेमके हेच. वहीला वाचक नसतो.

२०१५ साली प्रदर्शित झालेल्या ‘मोस्ट लाइकली टू सक्सीड’ या अनुबोधपटाने ही शाळा जगभर पोचवली. त्यातील एका वर्गाने संस्कृतींचा उदय व ऱ्हास का होतो याविषयी स्वतःची उपपत्ती मांडून ती लाकडी चाकांच्या एका मोठ्या चलयंत्रातून दाखवण्याचे ठरवले. प्रत्येक गटाने एक भाग करायचा आणि सर्व भाग दात्यांनी एकमेकांत गुंतून फिरायचे. प्रदर्शनाच्या रात्री पालकांची गर्दी झाली, पण एका मुलाचा भाग तयार नव्हता. आपल्या कल्पनेला मुरड घालणे त्याला जमले नव्हते. त्याने तो सुट्टीत शाळेत येऊन पूर्ण केला. हा प्रसंग शाळेच्या बाजूनेही वाचता येतो आणि विरोधातही. अपयश लपवण्याची सोय नसणे हे या पद्धतीचे बळ आहे. परंतु घरी अभ्यासाला जागा, वेळ व मोठ्यांचे पाठबळ असलेल्या मुलाला अपयश परवडते तसे ते प्रत्येकाला परवडत नाही, हेही तितकेच खरे.

आक्षेप आणि पुरावा

जानेवारी २००२ मध्ये संमत झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने प्रमाणित चाचण्यांना शाळांच्या मूल्यमापनाचे केंद्र बनवले. हाय टेक हायची पहिली वर्षे नेमकी या काळातली. सनदी असूनही राज्याच्या चाचण्यांतून तिची सुटका नव्हती. आपल्या विद्यार्थ्यांना मोठ्या प्रमाणावर महाविद्यालयीन प्रवेश मिळतात, हा शाळेचा मुख्य दावा राहिला. मात्र अर्जदारांच्या स्वनिवडीमुळे त्यावरून पद्धतीविषयी थेट अनुमान काढणे कठीण आहे.

पद्धतीविषयीचा वाद जुनाच आहे. १९३३ ते १९४१ दरम्यानच्या प्रसिद्ध ‘अष्टवार्षिक अभ्यासा’त प्रागतिक शाळांतील १,४७५ विद्यार्थ्यांची तेवढ्याच पारंपरिक विद्यार्थ्यांशी जोडीने तुलना झाली आणि महाविद्यालयात पहिला गट किंचित सरस ठरला. निष्कर्ष १९४२ साली छापले गेले, महायुद्धाच्या धामधुमीत फारसे कोणी वाचले नाहीत. २००६ साली किर्शनर, स्वेलर व क्लार्क यांनी दाखवून दिले की नवशिक्या विद्यार्थ्याला अल्प मार्गदर्शनावर सोडल्यास कार्यस्मृतीवर ताण येतो आणि अध्ययन मंदावते. किलपॅट्रिक यांच्या सैल व्याख्येला हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. खाडीच्या मार्गदर्शिकेला तो कितपत लागू पडतो, हा वेगळा प्रश्न आहे.

सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा इंग्लंडमधून आला. हाय टेक हायच्या नमुन्यावर आधारलेला ‘रिअल प्रोजेक्ट्स’ हा उपक्रम तेथील माध्यमिक शाळांतील पहिल्या वर्षाच्या मुलांवर चाचणीरूपाने राबवण्यात आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र मूल्यमापनात साक्षरतेवर किंवा विद्यार्थ्यांच्या सहभागावर त्याचा स्पष्ट परिणाम आढळला नाही आणि मोफत भोजनास पात्र असलेल्या, म्हणजे गरीब घरच्या, मुलांच्या साक्षरतेवर तो प्रतिकूल झाला असावा, असे दिसले. उपक्रम घेतलेल्या शाळांपैकी निम्म्याच्या आसपास शाळा मध्येच बाहेर पडल्यामुळे हा निष्कर्ष भक्कम मानता येत नाही. तरी ज्या मुलांसाठी ही सर्व धडपड सुरू झाली त्यांच्याच बाबतीत शंकेला जागा राहावी, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. याउलट अमेरिकेतील पाच शालेय जिल्ह्यांत यादृच्छिक निवडीने झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकल्पांतून शिकलेल्या विद्यार्थ्यांचे प्रगत अभ्यासक्रमाच्या परीक्षेतील यश सुमारे ८ टक्के-बिंदूंनी अधिक आढळले आणि अल्प उत्पन्न गटातील मुलांनाही लाभ झाला. दोन्ही ठिकाणचे वय, विषय आणि मोजमाप वेगळे आहे. परंतु एक फरक डोळ्यांत भरतो. अमेरिकेतील अभ्यासात शिक्षकांना तयार अभ्यासक्रम आणि वर्षभर चालणारे प्रशिक्षण मिळाले होते, तर इंग्लंडमध्ये शाळा वेळापत्रक व कर्मचारी यांची जुळवाजुळव करतानाच थकल्या.

शिक्षकाचा प्रश्न असा अपरिहार्यपणे पुढे येतो. रचनाकार शिक्षक तयार करण्यासाठी हाय टेक हायने २००४ पासून स्वतःच्या शिक्षकांना राज्याच्या मान्यतेने अर्हता देण्यास सुरुवात केली आणि २००७ साली स्वतःची पदव्युत्तर शिक्षणशास्त्र शाळा काढली. संस्था वाढत गेली आणि प्राथमिक ते उच्च माध्यमिक अशा १६ शाळा चार आवारांत उभ्या राहिल्या. रोझेनस्टॉक यांना २०१९ साली कतारमधील ‘वाइज’ पुरस्कार मिळाला. दर वर्षी नवा प्रकल्प रचायचा, तो सहकाऱ्याशी जुळवायचा, प्रदर्शन उभे करायचे आणि त्याच वेळी पन्नास मुलांना नावानिशी, घरादारानिशी ओळखायचे, हा भार मात्र पाठ्यपुस्तक पुढे सरकवण्याच्या कामाहून कितीतरी अधिक होता. नोकरीची सुरक्षितता आणि निर्णयांतील वाटा यांसाठी या शाळांतील शिक्षकांनी २०२१ साली ‘हाय टेक एज्युकेशन कलेक्टिव्ह’ ही आपली संघटना स्थापन केली. सनदी शाळेची कल्पना उचलून धरणारे शँकर हे स्वतः शिक्षक संघटनेचे नेते होते आणि प्रयोगाची सनद शिक्षकांच्या गटाला मिळावी, असे त्यांनी १९८८ साली म्हटले होते. सॅन डिएगोतील शिक्षक गट म्हणून व्यवस्थापनासमोर वाटाघाटीला बसले ते त्यानंतर तेहेतीस वर्षांनी.